रकाना रिकामा नको

प्रिय ठमे,

ओले हात पुसून फोन कानाला लावला, तेव्हा पलीकडची मुलगी विचारत होती, तुम्ही आत्ता एकट्या आहात का. मी म्हटलं, हो, हे औषधं आणायला गेलेत, फोन घरीच विसरून. तर म्हणाली, मग दोन मिनिटं बसून घ्या. इस्पितळातलं कुणी बसून घ्या म्हणालं की मी आता मुद्दाम उभी राहते. खिडकीशी गेले. समोरच्या इमारतीत रंगारी शिडीवर चढून खिडकीची चौकट घासत होता. ती म्हणाली, गेले अकरा दिवस तुमचा आकडा दोनच्या वर गेलेला नाही, मला काळजी वाटली. मी म्हटलं, रक्त तपासून चारच दिवस झाले, आकडे बरे होते. ती म्हणाली, रक्ताचा नाही, मनाचा.

ते ॲप तुला आठवत असेल. पहिल्या केमोच्या वेळी इस्पितळाने सांगितलं आणि तूच ते माझ्या फोनमध्ये घालून दिलंस. रोज सकाळी विचारतं, आज मन कसं आहे, शून्य ते दहा. खाली एक चौकट असते, वाटलं तर दोन ओळी लिहा. त्यात एका बाईचा संथ आवाज आहे, ती खांदे सैल सोडा म्हणते. ती मला आवडते, दुपारी तिच्या आवाजात झोप लागते. पण आकडा मला जमेना. आपण सहा आहोत की सात, हे ठरवेपर्यंत चहा गार. तिसऱ्या दिवशी मी सोडून दिलं. ही मुलगी इस्पितळातली समुपदेशक. आकडा बरेच दिवस खाली राहिला की तिला कळतं आणि ती फोन करते. आवाजावरून तुझ्याच वयाची वाटली.

मी सोडून दिलं, पण तुझ्या बाबांनी सोडलं नाही. फोन माझ्या नावाचा असला तरी राहतो त्यांच्या खिशात. तुला त्यांचं माहीत आहे. चौतीस वर्षं दुकानादुकानांतून आणि कारखान्यांतून वजनकाटे तपासले. नोंदवहीत रकाना रिकामा सोडला नाही आणि खोटा आकडा लिहिला नाही. तू जन्मलीस तेव्हा दवाखान्यातला काटा चाळीस ग्रॅमने चुकतोय हे त्यांनी मला आधी सांगितलं, मुलगी झाली हे नंतर. तर सुरुवातीला रोज सकाळी विचारायचे, आज किती लिहू? मी म्हणायची, लिहा काहीही आणि ती उशी द्या इकडे. आठवडाभर विचारलं. मग विचारेनासे झाले. मला वाटलं, सुटले एकदाचे.

मुलीला मी म्हटलं, मी काही लिहीत नाही हो. ती म्हणाली, पण ओळी तर रोज येतात. मग म्हणाली, वाचून दाखवू का? पहिलंच वाचलं, ‘आज दाढी करायचा कंटाळा आला.’ वाचता वाचता तिच्याही लक्षात आलं. मी म्हटलं, बाळ, माझ्या अंगावरचे सगळे केस गेलेत हे खरं, पण दाढी मला आधीही नव्हती. ती हसली, मीही हसले. मग मी तिला पुढचं वाचायला लावलं. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, माझ्या नावावर आहे ना, मग वाच. ‘बोलायला नको म्हणून दुकानात रांग बदलली.’ ‘ती झोपली असताना तिचा श्वास मोजला. मिनिटाला सोळा. परत मोजला. सोळा.’ ‘जेवण तिच्यासमोर जात नाही, नंतर एकट्याला जात नाही.’ ‘शेजारी भेटले. म्हणाले, तुम्ही खंबीर आहात. घरी आलो.’ एवढंच, घरी आलो. रोज एक-दोन ओळी, नोंदवहीत शेरा लिहावा तशा. आणि समोर आकडा. पाच, चार, चार, तीन, मग अकरा दिवस दोन.

मी रागावले का, असं तिने विचारलं. कशाला रागावू? रकाना रिकामा ठेवायचा नाही आणि खोटं लिहायचं नाही. माझा आकडा त्यांना माहीत नव्हता. जो माहीत होता तो त्यांनी लिहिला. मला राग आला तो माझाच. त्यांच्या पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलेलं मी पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, बरं झालं, ढेरी उतरली. न्हाणीघरात नळ सोडून अर्धा अर्धा तास आत असतात, तर मी बाहेरून ओरडायची, पाणी काय फुकट आहे का. आजारी माणसाला वाटतं, घरात सगळं आपल्यालाच होतंय. मला गोळ्यांच्या वेळा सांगणारा, उलटीचं भांडं धरणारा, चादर बदलताना विनोद करणारा माणूस मी सात महिने पाहतेय, आणि त्यातला एक दिवस दोनचा असेल हे मला कळलं नाही. एकाच खोलीत झोपतो गं आम्ही.

मी तिला विचारलं, तू त्यांच्याशी बोलशील का? म्हणाली, नक्की बोलेन, घरच्यांसाठीही आमचं काम आहे, पण त्यांना बोलायचं असायला हवं. ते तर म्हणतील, मला काय धाड भरलीय, तिला विचारा. म्हणून आम्ही दोघींनी एक केलंय. उद्या साडेदहाला ती फोन करेल. तेव्हा मी अंघोळीला जाणार. माझ्याबद्दल विचारते असं म्हणून ती सुरुवात करेल आणि थोड्या वेळाने, त्या ओळी तुम्ही लिहिल्यात हे मला माहीत आहे, असं सरळ सांगेल. फसवायचं नाही, असं तिचंच म्हणणं. फोन घेतील की ठेवून देतील, सांगता येत नाही. लग्नाला अडतीस वर्षं झाली आणि हे सांगता येत नाही.

तुझा फोन आला की ते स्पीकर लावतात, म्हणून पत्र लिहावं लागलं. परवाच्या स्कॅनचं त्यांनी तुला ठीक आहे असं सांगितलं. ठीक नाही. औषध आता धरत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आकडा खोटा लिहिता येत नाही त्यांना, शब्द येतात. किती दिवस, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आकडा विचारला नाही. मी बरी आहे ठमे, खरंच. दुखणं गोळ्यांनी आवरतं आणि मनाचं विचारशील तर आज मी सात लिहिला असता. पण तू रोज फोन करतेस आणि त्यांना विचारतेस, आई कशी आहे. मावशी तेच विचारते, शेजारी तेच, डॉक्टर तेच. सात महिन्यांत त्यांना दुसरा प्रश्न कुणी विचारलेला नाही, मीसुद्धा नाही. मी नसेन तेव्हा तो जुना प्रश्नही राहणार नाही, मग त्यांना फोन करून काय विचारायचं हे कुणाला सुचणार नाही. ती सवय मी असतानाच लागायला हवी. हे पत्र पोचेल त्या दिवशी फोन कर आणि माझं काही विचारू नकोस. म्हण, बाबा, तुम्ही कसे आहात. ते आईचं सांगायला लागतील. त्यांना थांबव आणि परत विचार. रागावले तरी विचार. आणि ये. माझ्यासाठी येतेस असं त्यांना वाटू दे, पण त्यांच्यासाठी ये.

तुझीच,
आई

ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, म्हणून हे लिहितेय. आज सकाळी साडेदहाला तिचा फोन आला. मी आत होते, नळ बंद ठेवला होता. आधी ते माझंच सांगत होते, मग बाहेरचं दार उघडल्याचा आवाज आला. मी बाहेर आले तेव्हा ते जिन्याच्या पायरीवर पाठमोरे बसून बोलत होते. चाळीस मिनिटांनी आत आले. पुढचा फोन गुरुवारी आहे, असं त्यांनी आपणहून सांगितलं.