पहाटेचा चोर

कासामा, २० जुलै

चि. कसोंदे यास,

आशीर्वाद नेहमीचेच, पण आज जरा दातओठ खाऊन दिलेले आहेत.

पत्र बसने पाठवते आहे, कारण दुसरी वाट तू ठेवलेली नाहीस. सगळं जग ज्यावर निरोप धाडतं ते तू सोडलंस, आणि तुझं घरगुती निरोपयंत्र महिनाभर ‘नवी आवृत्ती घ्या’ यापुढे सरकत नाही. फोन म्हणे तू संध्याकाळी सहा ते सातच वाजू देतोस. त्या वेळी आमच्याकडे वीज नसते नि टॉवरही मेलेला असतो.

तर काम असं. आईच्या टॅबवर बाबांचा आवाज लागत नाही. पहिल्या तारखेपासून पाटी येते, प्रवेश नाही म्हणून. जायच्या आधी बाबांनी आपल्या कुळाची कहाणी सांगितली होती, ती. तिची एकच प्रत आहे, तुझ्या सर्व्हरवर. माझ्या फोनमधली तूच पुसायला लावलीस. परक्या कंपन्या आपल्या बापाचा आवाज विकतील म्हणालास. विकला असता तर निदान विकत तरी घेता आला असता. आई रताळं ताटात तसंच ठेवून उठते. विचारलं तर म्हणते, ते रुसले असतील. लवकर लाव.

लोभ आहे, किती दिवस टिकवायचा ते तू बघ.

बुपे

लुसाका, २५ जुलै

ती. बुपेताईस कृ. सा. न., आणि विनंतीच्या जागी तक्रार विशेष.

चार वर्षं मी एकट्याने हे सगळं सांभाळतो आहे. फोटो, पुस्तकं, निरोप, दारावरची घंटासुद्धा माझ्या कपाटातल्या यंत्रावर चालते. अख्खं लुसाका अंधारात असताना माझ्या छपरावरच्या पॅनेलांमुळे ते एक सेकंद बंद पडलेलं नाही. बदल्यात घरच्यांकडून काय, तर टोमणे. टॅब बंद करून चालू करा. दोष तिथेच आहे.

मी तुमच्यासाठी काय परतवलं ते ऐक. यंत्राच्या नोंदींत दिसलं की मार्चपासून रोज पहाटे पाचला, एकाच ठिकाणाहून, कुणीतरी एकच फाइल उघडतंय. सव्वीस मिनिटं. रविवारीसुद्धा खाडा नाही. माणूस असा वागत नाही, हे चोरट्या यंत्राचंच काम. एक जुलैला मी त्याला दार बंद केलं आणि ज्या फाइलीवर त्याचा डोळा होता ती काढून टाकली. नाव नुसते आकडे होते. उघडून पाहिली नाही, कचरा कोण उघडतो. बॅकअपमधली प्रत तीस दिवसांनी आपोआप पुसली जाते. घर असं स्वच्छ ठेवावं लागतं, ताई.

रागावू नकोस, म्हणजे मीही रागावणार नाही.

कसोंदे

कासामा, २८ जुलै

कसोंदे,

मायन्याला वेळ नाही. ते चोरटं यंत्र म्हणजे आपली आई.

यंदा आमच्याकडे वीज येते पहाटे चार ते सहा. टॅब चार्ज व्हायला तासभर लागतो. मग पाचला ती चहा घेऊन बसते आणि बाबांना लावते. बाबांची कहाणी सव्वीस मिनिटांची आहे. माणूस असा वागत नाही, असं लिहितोस. एकेचाळीस वर्षं रोज सकाळी नवऱ्याबरोबर चहा प्यायलेलं माणूस असंच वागतं. तू तिची वेळ मोजलीस, वार मोजलेस, मिनिटं मोजलीस, आणि कान एकदाही लावला नाहीस.

तुझे तीस दिवस तीस तारखेला संपतात. सकाळपासून सातदा फोन केला. तुझा फोन शिस्तीचा, वाजला नाही. ड्रायव्हरला सांगितलं आहे, पत्र दारात नेऊन हातात द्या म्हणून. मिळताक्षणी ते पुसणं थांबव. शिव्या नंतर.

बुपे

लुसाका, २ ऑगस्ट

ती. ताईस,

ड्रायव्हरचा माणूस दोनदा येऊन गेला. दारावरची घंटा मी त्या दोन दिवसांत नव्याने जुळवत होतो आणि कानांना हेडफोन होते. शेवटी तो पत्र फाटकाखाली सरकवून गेला. मला काल मिळालं. प्रत एकतीसच्या पहाटे पुसली गेली, अगदी वेळेवर. उशीर करायला मी त्या यंत्राला शिकवलेलंच नाही.

कालपासून डिस्क खरवडतो आहे. अकरा सेकंद हाती लागले. त्यांत बाबा घसा खाकरतात आणि चालू झालं का म्हणून तुला विचारतात. बाकी काही नाही.

आईला तू सांगशील का? माझ्याच्याने होणार नाही.

तुझा, अजून असलो तर,
कसोंदे

कासामा, ५ ऑगस्ट

चि. कसोंदे यास,

नाही सांगणार.

मी आईला एवढंच म्हटलं की तू रोज लावायचीस म्हणून कसोंदेच्या यंत्राने दार बंद केलं. वाटलं, ती तुला चार शब्द सुनावेल आणि माझा जीव थंड होईल. ती बराच वेळ टॅबची काच पदराने पुसत बसली. मग म्हणाली, चूक आपलीच, पोराच्या यंत्राला फार दमवलं. तुला विचारायला सांगितलं आहे की नुसतं रविवारी लावलं तर त्याला झेपेल का.

शुक्रवारच्या बसमध्ये बस, तिच्यासमोर येऊन बस, आणि याचं उत्तर तू दे. अकरा सेकंद बरोबर आण.

लोभाचं त्यानंतर बघू.

बुपे