भोपळ्याचा चपटा वेल आणि मागची वाडी

खरवई, बदलापूर
ऑगस्ट २००६

चि. भाविकास,

धर्मेशदादाचा आशीर्वाद. मामाचा गुडघा आणि तुझं पुण्यातलं कॉलेज, दोन्ही नीट चाललं असेल अशी आशा. मामींना नमस्कार. इकडची काळजी नको, मी आहे ना!

आमच्या बाळादादाने मागची वाडी बिल्डरला द्यायचं ठरवलंय. मोजणीचा दिवसही ठरला, आणि नेमका तेव्हाच तिथला लाल भोपळ्याचा वेल बिघडला. दांडा गोल असायचा तो खाटेच्या नवारीसारखा चपटा, आणि शेंड्याला पानाफुलांची ही गर्दी होऊन चक्क फणा! शेजारच्या बकुळाकाकूने (हिला पापडाच्या फोडातही देव दिसतो) नागोबा म्हणून हळदकुंकू वाहिलं. झालं! तुझ्या आत्याने, म्हणजे आमच्या मातोश्रींनी, वेलाशेजारी पाट टाकला आणि जाहीर केलं, इथे फावडं लागायचं नाही. मोजणीवाले चहा पिऊन परत गेले.

मग घरातला शिकलेला माणूस म्हणून मी पुढे झालो. (तू गेल्या गणपतीत सांगितलेलं सगळं मला पाठ आहे.) म्हटलं, आई, शेंड्याच्या टोकाला थोड्याशा पेशी कायम कोवळ्या राहतात, त्यांच्यातूनच वेल वाढतो. एक जनुक त्यांना कोवळं ठेवतं, दुसरं त्या पहिल्याला दटावतं, पुरे आता. इथे दटावणारंच गप्प बसलंय, म्हणून पेशी वाढत सुटल्या आणि शेंडा पसरला. देव नाही, बिघाड आहे. आई शांतपणे म्हणाली, "मंग तुझ्या दादाला सांग ना, पुरे आता!" दादाला हसू आलं नाही. बकुळाकाकूने तर माझ्याही कपाळाला कुंकू लावलं. पण मी हार मानणारा नव्हे, विज्ञान ते विज्ञान.

तुझा,
धर्मेशदादा

ता.क. रविवारी ये. तू याच विषयात एम.एस्सी. करतेस, तुझ्या तोंडून ऐकलं की आईला पटेल.

दुसरा ता.क. आईला काही पटवू नकोस. बिल्डर नागोबाला हसतो, पण शिकलेल्यांना मानतो. त्याला सांग, हा वेल अभ्यासाचा आहे, हलवता यायचा नाही. काल दादाने मला विळा देऊन धाडलं. आई पाटावर थोडी सरकली. मी विळा खाली ठेवला आणि तिच्याजवळ बसलो. भावे, मलाही वाडी द्यायची नाहीये गं. दादापुढे हे बोलायची माझी छाती होत नाही. तू ये, आणि पहिलं वाक्य तूच बोल.