कात्रणाची मागची बाजू

तीर्थस्वरूप मामा,

वाकून नमस्कार. (जमेल तेवढंच वाकलोय, कंबर अजून धरलेली आहे.) तुमची तब्येत कशी आहे? एरवी हा प्रश्न मी पत्र सुरू करायचं म्हणून विचारतो. या वेळी खरंच विचारतोय.

महिन्यापूर्वी तुमच्याकडे जेवताना मी मुतखड्यावर व्याख्यान झोडलं, ते तुम्ही विसरला असाल तर उपकार होतील. तुमची किडनी निम्मीच काम करते असं कळल्यापासून, त्यात आता खडा नको म्हणून तुम्ही धास्तावला होता, आणि मी पडलो वाचनालयातला माणूस, म्हणजे घरात सगळ्यात शहाणा (ही पदवी मला कोणी दिलेली नाही, मीच घेतली). मी कात्रण काढून दाखवलं : आंबट फळांत सायट्रेट असतं, ते खडे होऊ देत नाही, लोक पूर्वापार हेच करत आले. तुमच्या अंगणात कमरखाचं झाड, खाली त्या चांदणीसारख्या फळांचा सडा. कमरख आंबट, म्हणून रोज सकाळी पेलाभर कमरखाचा रस. यातलं ‘म्हणून’ माझं. कात्रणात ते नव्हतं.

मीही रस सुरू केला. गेल्या मंगळवारी एका निवृत्त न्यायाधीशांना वरच्या फळीवरचा कोश काढून देत होतो, तेव्हा पाठीत अशी कळ आली की मी कोशासकट शिडीवरून थेट त्यांच्या मांडीवर उतरलो आणि बोंब ठोकली. (भिंतीवर ‘शांतता राखा’ ही पाटी आहे. अक्षर माझंच.)

डॉक्टरीणबाईंनी खडा दाखवून विचारलं, पाणी किती पिता? म्हटलं, दोन पेले. (आमचं स्वच्छतागृह तिसऱ्या मजल्यावर, माझं टेबल तळमजल्यावर.) त्या म्हणाल्या, लिंबू-संत्र्याच्या रसाला थोडाफार पुरावा आहे, तोही काही प्रकारच्या खड्यांपुरता. खरा भरवसा पाण्याचा, पण पाण्याचं कात्रण कोण काढणार! कमरखाचं नाव काढताच मात्र त्या ताठ बसल्या. “त्यात ऑक्झलेट भरपूर, बरेचसे खडे त्याचेच होतात. आणि किडनी आधीच कमजोर असेल तर ते विषच. घरात कोणी घेत नाही ना?” मी नाही म्हटलं. मामा, मी चक्क नाही म्हटलं.

तिथून वाचनालयात येऊन ते कात्रण भिजवून पुठ्ठ्यावरून सोडवलं. वीस वर्षं मी कात्रणं चिकटवतोय. चिकटवण्याआधी कागद उलटून पाहावा, हे नवख्यांना मीच शिकवतो. मागच्या बाजूला ठळक अक्षरांत होतं : कमरख मात्र टाळा. त्यावर मी स्वतःच्या हातानं खळ फासली होती.

तुम्हाला लगेच फोन केला. मामीनं उचलला. म्हणाली, तुझ्या रसानं त्यांना केवढा धीर आलाय, शेजारीपाजारी सांगत सुटलेत, भाचा असावा तर असा. मी हवापाण्याची चौकशी करून फोन ठेवला. इतकी लाज मला गणितात नापास झालो तेव्हाही वाटली नव्हती (तेव्हाही प्रगतिपुस्तकावर सही तुम्हीच केली होती).

तुमचाच (अजून असलो तर),
पुस्तक्या

ता. क. : रस आजपासून बंद करा. मामीला सांगा, दात आंबतात. माझं नाव नको.

ता. क. २ : वरची ओळ खोडलीय असं समजा, माझं नाव सांगा. पाकीट बंद करण्याआधी पुन्हा फोन केला. मामी म्हणाली, सकाळपासून त्यांना उचकी लागलीय ती थांबतच नाही, कोण एवढी आठवण काढतंय कोण जाणे. मागच्या बाजूचं शेवटचं वाक्य वर लिहायचा मला धीर झाला नव्हता : कमरखाची बाधा बहुधा अशाच उचकीनं सुरू होते. तिला रस मोरीत ओतून टाक एवढंच म्हणालो, पुढचं तोंडातून निघेना, म्हणून हे पोस्टात न टाकता तुमच्या हातात देतोय. डॉक्टरीणबाईंना सगळं खरं सांगितलं, त्या वाट बघताहेत. आणि हे वाक्य खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं : मामा, चपला घाला, दारात टॅक्सी उभी आहे.