दहा उड्या

५ फेब्रुवारी, सोमवार

दुखतंय. उजव्या जांघेत, आत खोल. बोट ठेवून दाखवता येणार नाही असं.

काल अठ्ठावीस किलोमीटर झाले, त्याचंच असेल. स्नायू आखडला असेल. शेकून काढलं. वीस दिवसांवर मॅरेथॉन आलीय, थोडं तर दुखणारच!

पेशंट हेच वाक्य बोलतात तेव्हा मी त्यांच्याकडे कशी बघते ते मला माहीत आहे.

७ फेब्रुवारी

क्लिनिकच्या एकवीस पायऱ्या. आज प्रत्येक पायरी वेगळी कळली.

सकाळी मास्तर नेहमीसारखे तळ्याकाठच्या बाकावर. एका हातात काठी, दुसऱ्या हातात स्टॉपवॉच. मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, टपालवाले. बावीस वर्षं पायी टपाल वाटलं, आणि फावल्या वेळात परत पळायचे! आता पळत नाहीत, मला पळवतात. म्हणून मास्तर.

"मॅडम, आज फेरीला बारा सेकंद जास्त. वाटेत कुणी गप्पिष्ट भेटलं वाटतं?"

हसून वेळ मारून नेली. सांगणार कसं? गेल्या वर्षी माझ्याच टेबलावर बसून त्यांनी हीच जागा दाखवली होती. उजवी जांघ. आत खोल.

८ फेब्रुवारी

पळताना पुन्हा ती मोजणी. एक, दोन, तीन… माझाच आवाज. दहाला थांबतो. मग "शाब्बास!" मग परत एक. आधी फक्त दमल्यावर ऐकू यायची. आता बुटाची नाडी बांधतानाच सुरू होते.

लिहूनच टाकते. ह्या वहीत तरी.

गेल्या फेब्रुवारीत, शर्यतीच्या दहा दिवस आधी मास्तर क्लिनिकमध्ये आले. अशा दुखण्याला आम्ही फिजिओ एक साधी चाचणी करतो – दुखऱ्या पायावर लंगडी घालायला लावतो. दहा उड्या. दुखलं तर हाडाला तडा असू शकतो, पळणं तिथेच बंद, आधी एमआरआय. नाही दुखलं तर स्नायू.

बाहेर दोन पेशंट ताटकळले होते. मी घाईत. त्यांच्या समोर उभी राहून फोनवर व्हिडिओ घेत होते, सगळ्यांचाच घेते. "ह्या पायावर घाला," म्हणून बोट दाखवलं. माझ्या उजव्या हाताला जो पाय होता त्याकडे. पण ते माझ्याकडे तोंड करून उभे होते! माझ्या उजव्या हाताला त्यांचा डावा.

दहा उड्या मारल्या त्यांनी. ठणठणीत पायावर. मी मोठ्याने मोजल्या. फाइलवर लिहिलं – उजवा, वेदना नाही, पळायला हरकत नाही.

एकतिसाव्या किलोमीटरला, पुलाच्या चढावर, खुब्याचं हाड मोडलं. शेजारून पळणाऱ्याने आवाज ऐकला म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी व्हिडिओ उघडला तेव्हा कळलं. चाळीस सेकंदांचा आहे. माझं बोट दिसतं. ते क्षणभर थांबतात, बोटाकडे बघतात, खाली बघतात, आणि हसतात. केवढा विश्वास आहे त्या हसण्यात! मग उजवा पाय उचलून डाव्यावर उड्या.

कुणालाच माहीत नाही. नवऱ्यालाही नाही. पुसून टाकायचं धाडस होत नाही, दाखवायचं तर नाहीच.

११ फेब्रुवारी, रविवार

बावीस किलोमीटर ठरले होते. चौदावर थांबले. मास्तरांना सांगितलं, पोट बिघडलंय. त्यांनी खिशातून लिंबाची गोळी काढून दिली. चघळत घरी आले, आणि दारातच रडायला आलं. एवढीशी गोळी!

तीन स्क्रू आहेत त्यांच्या खुब्यात. ऑपरेशननंतर पाच महिने मीच त्यांना चालायला शिकवलं. आता काठी घेऊन चालतात, आणि टपाल कचेरीत बसून पत्रं निवडतात. एक दिवस व्यायाम करता करता म्हणाले, "मी तर आता पळत नाही. तुम्ही पळा, मॅडम. मी शिकवतो." नाही कुठल्या तोंडाने म्हणणार होते? तोवर मी बससाठीसुद्धा धावत नव्हते. चुकली तर दुसरी येते, हे माझं धोरण!

आठ महिने झाले. ते एक दिवस चुकले नाहीत. मीही नाही.

१३ फेब्रुवारी

लेक गॅलरीत लंगडी खेळत होती. मोठ्याने मोजत. सहा, सात, आठ…

"बंद कर ते मोजणं!" असं ओरडले मी की खालच्या मजल्यावरची खिडकी उघडली. पोरगी एका पायावरच थांबली. पडेपर्यंत तशीच.

नंतर जवळ घेतलं. म्हणाली, "मग मनात मोजू का?"

मला मेलीला लाज वाटली. हो म्हटलं.

१४ फेब्रुवारी

नवऱ्याने चोरी पकडली. मी पँट बसून घालते हे त्याच्या लक्षात आलं. "एखाद्या पेशंटने असं केलं असतं तर त्याला फाडून खाल्लं असतंस. एमआरआय काढ."

"शर्यत झाली की काढते."

"कुणाला सिद्ध करून दाखवायचंय एवढं?" तो भांडी विसळत राहिला, जरा जास्तच आवाज करून.

क्लिनिकमध्ये एक नवीन बाई. गुडघा. चाचणीआधी मी दुखऱ्या गुडघ्यावर पेनाने निळी फुली मारली. वर्षभर सगळ्यांना मारते. "मॅडम, विसरता की काय कुठला ते?" सगळ्यांनाच हसू येतं. मीही हसते. आणि उड्या हल्ली पेशंटलाच मोजायला लावते.

१७ फेब्रुवारी, शनिवार

केली. शेवटचा पेशंट दुपारी गेला, दाराला कडी घातली, आरशासमोर उभी राहिले. स्वतःच्या उजव्या मांडीवर निळी फुली मारली. वेडेपणाच! माझा पाय मला माहीत नाही?

एक. दोन. तिसऱ्याला डोळ्यांपुढे काजवे चमकले. टेबल धरलं म्हणून पडले नाही.

आम्ही पेशंटला विचारतो, दहापैकी किती दुखलं? आठ.

म्हणजे तडा आहे. पेशंटला मी आज कुबड्या दिल्या असत्या. पळालं तर मोडणार, आज ना उद्या, बहुतेक पुलाच्या चढावरच.

तरी पळणार आहे. इथे खरं लिहिते – मला भीती वाटत नाहीये. त्यांचं माझ्यामुळे मोडलं. माझं मोडलं तर मोडू दे. हा विचार आला आणि किती महिन्यांनी शांत वाटलं. ह्या शांततेचीच काय ती भीती वाटते.

१८ फेब्रुवारी, रविवार

मास्तरांनी आज पळूच दिलं नाही. बाकावरून उठले, काठी टेकत आले. "चार दिवस बघतोय. उजवा पाय चोरताय तुम्ही. लंगडी घाला बघू."

"अहो, काही नाही–"

"घाला."

मी डावा पाय टेकवला, उजवा उचलला आणि मारल्या दोन उड्या. हसत. सराईतासारख्या!

ते समोर नव्हते उभे. शेजारी येऊन उभे राहिले होते, खांद्याला खांदा लावून. "तो नाही, मॅडम. दुसरा." मी थांबले. "ही चलाखी मला नवी नाही," म्हणाले. बावीस वर्षं दारोदार फिरलेला माणूस, त्याला माणसं कळायचीच.

उजव्यावर एकच मारली. चेहरा सांभाळला. "जरासं ओढल्यासारखं होतं," म्हटलं. ते तळ्याकडे वळले. मग म्हणाले, "आठवडाभर आराम. मग बघू." स्टॉपवॉच खिशात टाकलं आणि गेले. नेहमी कोपऱ्यावरून हात करतात. आज केला नाही.

२० फेब्रुवारी

जिन्यात काठीची टकटक. दार उघडून बघितलं. कुणी नव्हतं.

२१ फेब्रुवारी

पुन्हा. पेशंटच्या पाठीवर हात असताना. "काही वाजतंय का हो?" विचारलं. "नाही बाई," म्हणाला, "वाजत असेल तर माझं हाडच!"

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

छातीवर लावायचा शर्यतीचा नंबर आणला. चार सेफ्टी पिना, एक कागदी टोपी, एक केळं. माझ्या पुढचा तरुण म्हणाला, "काकू, पहिलीच का?" हो म्हटलं. बहुतेक शेवटचीही, हे म्हटलं नाही.

संध्याकाळी मास्तर क्लिनिकमध्ये. ह्या वेळी खरोखरचे. एकवीस पायऱ्या चढून धापा टाकत. "कसा आहे पाय?" मी म्हटलं, एकदम बरा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं. मग पाकिटातून घडी घातलेला कागद काढला. त्यांचा गेल्या वर्षीचा नंबर. पिनांची भोकं, एका कोपऱ्यावर चिखल.

"पळणारच असाल तर हा खिशात ठेवा. अकरा किलोमीटर राहिलेत ह्याचे."

घेतला. दुसरं काय करणार होते?

ते गेल्यावर तो कागद हातात धरून बसले. आणि मग एकदम उलगडलं. मी मोडून घेतलं तर हा माणूस काय म्हणेल? म्हणेल, माझ्यामुळे मोडलं, मीच पळवलं. जन्मभर म्हणेल. माझं ओझं मी त्याच्या डोक्यावर देऊन मोकळी होणार! एवढंच निघालं माझं प्रायश्चित्त!

उद्या सांगते. व्हिडिओ दाखवते. मग त्यांनी तोंड फिरवलं तरी चालेल.

नाही, चालणार नाही. पण सांगते.

२४ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं.

टपाल कचेरीच्या मागच्या खोलीत गेले. ते उंच स्टुलावर बसले होते, समोर भिंतभर कप्पे. पत्त्यावर एक नजर, आणि पत्र आपल्या कप्प्यात. मला बघून म्हणाले, "आज काय, टपाल न्यायला?"

मी सगळं एका दमात बोलले. कुठे उभी होते, कुठलं बोट, कुठला पाय. पाठ केल्यासारखं. फोन त्यांच्या हातात दिला. माझा आवाज त्या खोलीत – एक, दोन, तीन… मी कप्प्यांवरचे पत्ते वाचत राहिले.

"शाब्बास!" झालं. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "परत कसं लावायचं?"

परत बघितला. फोन माझ्या हातात दिला. "उद्या पळायचं नाही," म्हणाले. बस्स. शिवी नाही, प्रश्न नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्टूल कप्प्यांकडे वळवलं, एक पत्र टाकलं, काढलं, दुसऱ्या कप्प्यात टाकलं.

मी बाहेर फुटपाथवर आले आणि रिक्षाला हात केला.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "वर्षभर एकटीच?" आणि सोमवारची एमआरआयची वेळ घेतली. पाय टेकायचा नाही म्हणून क्लिनिकमधल्या कुबड्याही तोच घेऊन आला. लेकीने त्या लगेच आपल्या उंचीच्या करून बघितल्या.

गेलं ते. सकाळचा बाकही गेला. चूक माझी, तरी मला ते सगळ्यात जास्त लागलंय.

२५ फेब्रुवारी, रविवार

तरी तळ्यावर गेले. कुबड्यांवर. शर्यत तळ्यावरूनच जाते. पहिले पळणारे गेले, नंतरचे गेले, आणि मग काठीची टकटक. खरी. शेजारी येऊन बसले.

"तुम्ही चुकीचा पाय दाखवलात, हे मला तेव्हाच कळलं होतं," म्हणाले. रस्त्याकडे बघतच. "पाय माझा. कुठला दुखतोय ते मला नाही कळणार? पण खऱ्या पायावर उडी मारली असती तर तुम्ही पळू दिलं नसतं. म्हणून गप्प बसलो."

"आणि वर्षभर?"

"तुम्ही रोज सकाळी यायला लागलात. सांगितलं असतं तर कशाला आला असतात?"

मी त्यांचा नंबर परत दिला. त्यांनी तो गुडघ्यावर पसरला आणि आम्ही शेवटचा पळणारा जाईपर्यंत बसलो.

घरी येऊन व्हिडिओ लावला. माझं बोट. ते थांबतात. बोटाकडे बघतात, खाली आपल्या उजव्या पायाकडे बघतात. आणि हसतात.