वामनने राखलेला हिरवा दिवा

रविवार, संध्याकाळ. आत्ताच विरारला घरी पोचलो.

आधी हे लिहितो, आंघोळ नंतर. काल चार वर्षांनी मी तंबूत झोपलो! झोपेत श्वास अडकतो म्हणून ते नाकावर लावायचं मशीन आलं, आणि तेव्हापासून जिथे प्लग नाही तिथे मी नाहीच. माझा मित्र वामन दरवर्षी बोलवायचा. चिंचोटीच्या मागे त्याचं शेत आहे, तिथे वीज नाही. यंदा बॅटरी घेतली. घरी दोन रात्री तिच्यावर मशीन चालवून बघितलं. हवेला ओलावा देण्यासाठी मशीनमधला पाणी गरम करणारा भाग बंद ठेवला की सकाळपर्यंत पुरते. तरी धाकधूक होतीच. मध्येच संपली तर?

"बॅटरीवरचा हिरवा दिवा दिसतोय तोवर काळजी नाही," एवढंच वामनला सांगितलं आणि आडवा झालो. थेट कोंबडा आरवल्यावर जाग. दिवा हिरवाच!

बाहेर आलो तर वामन तंबूसमोर खुर्ची टाकून बसलेला, डोळे लालभडक. रात्रभर कापडातून तो हिरवा दिवा बघत होता. म्हणाला, "विझला असता तर तुला उठवायला कोन होतं?"

आधी शिव्या दिल्या, मग मिठी मारली. त्याला माझ्याच अंथरुणावर ढकललं, तर पाच मिनिटांत घोरायला लागला, नुसता ट्रॅक्टर. मी त्याच्या खुर्चीत बसून ऐकत राहिलो. कुठे अडकतोय का? नाही. अगदी मोकळा श्वास. मग उठून चहा ठेवला.