मागचा डावा पाय

ता. ४ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्ही आईला वाचून दाखवणार, म्हणून आधी तब्येतीचं. खोकला नाही. जुना रंग घासताना तोंडाला फडकं बांधते आणि शेडचं दार उघडं ठेवते. कचेरी सोडून आठ महिने झाले तरी माझी खुर्ची रिकामी आहे का, हे आई दर पत्रात विचारते. तिला सांगा, तिथे आता दुसरी मुलगी बसते, आणि ती खुर्ची डुगडुगते. मी दुरुस्त करून देते म्हटलं होतं, साहेबांनी ऐकलं नाही.

काम बरं चाललंय. मोडकी कपाटं, खुर्च्या आणते, सांधे घट्ट करते, रंगवते आणि चौकातल्या दुकानदाराकडे विकायला ठेवते. प्रत्येक वस्तूच्या आत एक चिठ्ठी चिकटवते: काय मोडलं होतं, काय नवं घातलं. घेणाऱ्याला ठाऊक असावं एवढंच. दुकानदाराला ते पटत नाही. त्याचं म्हणणं, नवरी दाखवताना कोणी तिचं दुखणं सांगतं का. मी म्हटलं, मी टेबल विकते.

आता मुद्द्याचं. चार दिवसांपासून हे पत्र लिहून फाडते आहे. दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी दोन खणांचं लिहायचं टेबल सांगून ठेवलंय. तसं एक जुन्या बाजारात मिळालं. चार थर खरवडले: पांढरा, तपकिरी, पुन्हा पांढरा, सगळ्यांत खाली हिरवा. खालचा खण काढला तर मागच्या फळीवर पटाशीचे दोन आडवे घाव दिसले. तुमच्या कामावरची खूण. मला इतका आनंद झाला की शेजारच्या लोहाराला बोलावून दाखवली.

मग मागच्या डाव्या पायाशी भुसा आणि सरस कालवून भरलेली लांबी गळून पडली. आत खाचेत बसणारी कूस नाही, तिच्यासाठी कोरलेली साल नाही. नुसते तीन खिळे. पाय हलत नव्हता, तरी खिळे ते खिळेच. खिळा मारणाऱ्याला तुम्ही सुतार म्हणत नाही, हे ऐकत मी मोठी झाले. चिठ्ठीत काय लिहू ते कळवा. विचारल्याबद्दल राग धरू नका.

तुमच्या लोभावर हक्क सांगणारी,
टाचणी

ता. ११ फेब्रुवारी

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

तू दुसरीत असताना फळीवर खडूने मला अक्षरं गिरवायला लावलीस. त्याच अक्षरांत माझी झाडाझडती घेशील असं वाटलं नव्हतं.

पटाशीचे दोन घाव कोणीही मारेल. आणि मारले असतील मी, तर काय? आपल्या घरात शाळेची पायरी चढलेली तू पहिली. तू रंधा धरू नयेस म्हणून मी तो जन्मभर धरला, आणि तू चांगली कचेरी सोडून माझे खिळे मोजत बसलीस. त्या लोहाराला काय दाखवायला गेलीस? उद्या गावभर होईल.

लांबी भर, रंग मार, टेबल दे. चिठ्ठी लावू नकोस. दुकानदार शहाणा दिसतो, त्याचं ऐक. ही बापाची आज्ञा समज.

तुझी आई हे पत्र ऐकून गप्प बसली आहे. ती गप्प बसते तेव्हा मला जेवण जात नाही. रंगाआधीचा दुधी हात लावायचा तो कोपऱ्यापर्यंत लाव, तू नेहमी कडा सोडतेस.

लोभ आहे, राग त्याहून थोडा जास्त.
बाबा

ता. १८ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमची आज्ञा मी आजवर एकदाच मोडली, कचेरी सोडली तेव्हा. ही दुसरी. तरी लिहिते.

मी पाय काढला. पकडीने एक खिळा निघाला, दोन मोडले, अख्खी दुपार गेली. मग नीट साल पाडली, कूस घडवली आणि पाय बसवला. टेबलाला निळा रंग दिला, कडांसकट. आणि चिठ्ठी लावली: मागचा डावा पाय मूळ सुताराने खिळ्यांनी बसवला होता, तो सांधा मी बदलला, मूळ सुतार माझे वडील. बाबा, तुमचं नाव मी धुळीत टाकलं नाही. जे होतं तेवढंच लिहिलं. अनोळखी सुताराचा खिळा लिहायचा आणि आपल्या घरचा लपवायचा, असं केलं तर उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या खोट्या पडतात.

टेबल दुकानात नेलं, तिथे दुकानदाराने ही चिठ्ठी वाचली आणि सांगितलं की एकतर दुकानातल्या सगळ्या चिठ्ठ्या खरवड, नाहीतर माल उचल. मी हातगाडी आणली. दोन कपाटं, चार खुर्च्या, एक आरसा आणि हे टेबल, तीन खेपांत शेडमध्ये आणलं. तिसऱ्या खेपेला त्याने विचारलं की आता विकणार कुठे. रस्त्यावर, असं सांगून आले.

आता कपाटांच्या मधल्या फटीत बसून लिहिते आहे, पाय पसरायला जागा नाही. भीती वाटते. पण चिठ्ठी काढणार नाही. तुम्ही बोलणं टाकलंत तरी नाही.

तरीही तुमचीच,
टाचणी

ता. २५ फेब्रुवारी

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझी आई सांगते आहे, मी फक्त लिहितो. एक शब्द बदलला तर ती दुसऱ्या कोणाकडून लिहून घेणार आहे, अशी धमकी आहे.

आई सांगते की ते खिळे तिने मारले. तुझ्या जन्माआधीच्या वर्षी मी तापाने फणफणलो होतो, टेबल तीन पायांवर उभं होतं आणि माणूस सकाळी न्यायला येणार होता. कूस घडवायला तिला कोणी शिकवलं नव्हतं. मी शिकवलं नव्हतं, असं लिहा म्हणते. लिहिलं. खिळे दिसू नयेत म्हणून लांबी भरली आणि वरून हिरवा रंग तिनेच फासला. माझी खूणही तिनेच मारली. मी उठलो तेव्हा टेबल गेलेलं होतं. बायकोने ठोकलेलं टेबल म्हणून लोक हसतील, या भीतीने मी तिला गप्प केलं. ती सव्वीस वर्षं गप्प होती. परवा तुझ्या पत्रातलं ‘मूळ सुतार माझे वडील’ वाचलं तिथे ती उठली आणि म्हणाली, चूक आहे, दुरुस्त करायला सांगा.

पुढे ती विचारते की पाय हलत होता का. तूच लिहिलंस की नव्हता. मग काढलास कशाला? चार जणांनी चार रंग चढवले, टेबल किती घरं हिंडलं असेल, पाय जागचा हलला नाही. शिकलेल्या मुलीने आधी हलवून बघावं, असं तिचं म्हणणं. कचेरीतल्या खुर्चीबद्दल ती यापुढे विचारणार नाही.

माझ्याकडून एवढंच की मागच्या पत्रातली आज्ञा मागे घेतो. दुकानदार शहाणा नाही.

दोघांचा लोभ, यावेळी आईचा मोठा.
बाबा

ता. ४ मार्च

ती. आईला (बाबांनी मोठ्याने वाचावं),
सा. न. वि. वि.

तुझं बरोबर आहे. मी हलवून बघितलं नाही. म्हणजे बघितलं, हलला नाही, आणि तरी काढला. खिळा दिसला आणि पुढचं काही दिसेना.

रविवारी शेडचं दार सताड उघडलं आणि माल बाहेर फुटपाथवर मांडला. चिठ्ठ्या लोकांना आत वाकून वाचाव्या लागू नयेत म्हणून या वेळी दर्शनी बाजूला लावल्या. दुकानदार समोरच्या फुटपाथवरून दोनदा गेला. दोन खुर्च्या आणि आरसा गेला. मग नर्सबाई आल्या. त्यांनी टेबलाची नवी चिठ्ठी दोनदा वाचली. निघताना मी विचारलं की घरी ही चिठ्ठी शोभणार नाही, काढून देऊ का. त्यांनी ती माझ्या हाताला लागू दिली नाही, आणि खिळे मारणाऱ्या बाईंना माझा नमस्कार कळवा म्हणाल्या. तो कळवला.

चिठ्ठीत काय होतं ते जसंच्या तसं लिहिते. यातही काही चुकलं असेल तर सांग, त्यांच्या घरी जाऊन दुरुस्त करीन:

‘मागचा डावा पाय माझ्या आईने तीन खिळ्यांनी बसवला होता. तो सव्वीस वर्षं हलला नाही. मी तो विनाकारण काढला. नवा सांधा माझा आहे, त्याची अजून परीक्षा व्हायची आहे.’

तुझ्या लोभाची आणि तू दाखवशील त्या पुढच्या चुकीची वाट बघणारी,
टाचणी