डावं चाक

सोमवार, ता. ४

चि. फौजदारणीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पोचल्याचं पत्र आलं, जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. गुरांचा दवाखाना बरा आहे आणि फोन लागत नाही, एवढंच लिहिलंस. गाडीबद्दल एक ओळ नाही. पंचवीस वर्षांची फोर-व्हील जीप, त्यात तू तिला रोज ओढ्यातून घालणार, म्हणून तर निघायच्या दिवशी पुढच्या दोन्ही चाकांची बेअरिंगं आणि ऑइल सीलं बदलून दिली. आता सांग, डावं चाक घूं घूं करतं का? पंधरा-वीस किलोमीटर चाललीस की उतरून डाव्या चाकाच्या मध्यावर तळहात ठेव. हात टिकला पाहिजे, चटका बसता कामा नये. ब्रेकवर तेल उतरलंय का तेही बघ, मुख्य म्हणजे डावीकडे.

तुझी आई म्हणते, मी येरझाऱ्या घालून फरशी झिजवतोय. तिला काय जातंय बोलायला.

उलट टपाली लिही. बापावर माया असेल तर सविस्तर लिही.

तुझे बाबा

गुरुवार, ता. ७

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

औषधांच्या ट्रकबरोबर तुमचं पत्र आलं. एका पानात डावं तीन वेळा, उजवं एकदाही नाही. उजव्याने तुमचं काय घोडं मारलंय? हात ठेवला, टिकला. आवाज नाही, तेल नाही. स्टिअरिंग जरा थरथरतं, पण इथला रस्ताच तसला आहे.

पुढच्या शनिवारी, १६ तारखेला, लसींची पेटी घेऊन खिंडीपलीकडे उतरायचंय. सोबत कंपाउंडर, त्याची बायको आणि तान्हं बाळ. दहा किलोमीटर नुसता उतार, एका अंगाला दरी. तुमच्या हातची चाकं आहेत म्हणून मी निर्धास्त आहे. पण खरं सांगा, काय बिनसलंय? आईशी भांडलात का?

दोघांचा लोभ आहेच, तो भांडणात वाटून घेऊ नका.

तुमची फौजदारीण

सोमवार, ता. ११

चि. फौजदारणीस, आशीर्वाद.

शनिवारी गाडी काढू नकोस. पाकिटात एक पातळ वायसर आहे. बेअरिंगचे नट आपोआप सुटू नयेत म्हणून दोन नटांच्या मधे हा घालून याचा कान छिन्नीने वाकवतात, तुला माहीत आहे. दोन चाकांना मी दोन आणले होते. हा माझ्या कामाच्या शर्टाच्या खिशात सापडला, तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. उजव्याचा कान वाकवलेला मला लख्ख आठवतो. डाव्याच्या वेळी तू मागे सामान भरत होतीस. आता घर रिकामं होणार, एवढंच डोक्यात होतं. नट आवळले आणि झाकण लावलं.

गॅरेजच्या चाळीस वर्षांत असं झालं नाही, म्हणून लिहायची लाज वाटली. चुकून तीन आणले असतील, अशी स्वतःची समजूत घालत बसलो. तुझ्या पत्रात त्या बाळाबद्दल वाचलं आणि तोंडचं पाणी पळालं. माझी लाज गेली खड्ड्यात. चाक उघड.

तुझे बाबा

शुक्रवार, ता. १५

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. ट्रकवाल्याला हाताशी धरून लगेच चाक उघडलं. बाहेरचा नट बोटांनी फिरला, पान्याची गरजच पडली नाही. आतलाही ढिला झाला होता. मग चाक फिरवत फिरवत नट आवळला, किंचित परत सोडला, तुमचा वायसर घातला, कान वाकवला. बेअरिंग आणि सील शाबूत आहेत. उद्या उतरतेय.

आधी तुम्हाला लिहायला घेतलं होतं, की वायसर जागेवर होता, उगाच घाबरलात. अर्धं पान झालं. मग फाडलं. ते वाचून तुम्ही खुशाल दुसऱ्या कुणाचं चाक बांधलं असतं. बाबा, मला तुमचा भयंकर राग आलाय. पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतंत. आणि यापुढे एकट्याने चाक बंद करायचं नाही. हे लिहिताना रडू येतंय, पण खोडणार नाही.

तुमची फौजदारीण

गुरुवार, ता. २१

चि. फौजदारणीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि खाली सुखरूप उतरल्याची चिठ्ठी, दोन्ही सोमवारी एकदमच मिळाली. चिठ्ठी वाचून देवासारखा शांत झालो. पत्र वाचून इतका भडकलो की गॅरेजला कुलूप घातलं. दोन दिवस उघडलं नाही. तुझी आई चकार शब्द बोलली नाही, म्हणजे तिने ते वाचलेलं असणार.

आज पलीकडचा लाकूडवाला गाडी घेऊन आला, चाकाचं सील गळत होतं. सील बदललं, बेअरिंग बसवलं, नट आवळले, कान वाकवला. झाकण लावायला घेतलं आणि थांबलो. त्याला हाक मारून म्हटलं, तू आधी बघ, मग लावतो. तो हसला, म्हणाला, तुमच्या कामात मी काय बघणार. मी झाकण त्याच्या हातात दिलं आणि बाजूला झालो. माझ्याकडे बघून तो हसायचा थांबला. मग गुडघ्यावर बसून, बोट आत घालून त्याने पाहिलं आणि आहे म्हणाला.

रागासकट लोभ असू दे.

तुझे बाबा